विठ्ठलाचा दुसरा टी

केनियात शिरायला भारतातून थेट गेलेल्या माणसाला पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागत नाही. केनियातून आपल्या घरी परत यायला लागतो. हे मी मुलीकडून फोनवर तीनदा वदवून घेतलं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, पण असला उलटा नियम माझ्या टेबलावर कधी आला नव्हता.

"म्हणजे परक्याच्या घरात जाताना पाय धुवायचे नाहीत आणि आपल्या घरात येताना मात्र धुवायचे?" मी म्हणालो.

"बरोबरच आहे की," बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "बाहेरून आल्यावर आपण घरीच पाय धुतो."

ही गोष्ट 2015 सालची. जावईबापूंची बदली नैरोबीला झालेली, नात तीन महिन्यांची, आणि आम्ही दोघं नगरला सावेडीत बसून तिचे फोटो मोठे करून बघत होतो. मुलीनं तिकिटं काढली. पासपोर्ट नवे कोरे होते. व्हिसाचं जावईबापू बघणार होते. मी मनाशी म्हटलं, कागदांचं काम आटोपलं. हे वाक्य सरकारी माणसानं तरी म्हणायला नको होतं.

माझी नोकरी काय होती हे आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची फजिती नीट कळायची नाही. मी आवक-जावकला चिकटलो आणि अधीक्षक होऊन सुटलो. एवढ्या वर्षांत माझी बोलण्याची दोनच वाक्यं होती. पहिलं, "हा कागद चालणार नाही." दुसरं, "मागं रांग आहे, पुढं सरका." पहिल्यावर कुणी वाद घातला की दुसरं. बाकी शब्दसंपत्ती मी घरासाठी राखून ठेवली होती आणि घरी ती वापरायची संधी मिळत नसे.

तर पिवळा ताप. हा आजार आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेचा. आपल्याकडं तो नाही. नसलेल्या आजाराचा एवढा धसका कशाला, म्हणून मी जरा माहिती काढली आणि गप्प झालो. हा ताप पसरवणारा डास म्हणजे एडिस इजिप्ती, पायांवर पांढरे पट्टे असलेला, आपला डेंग्यूवाला. तो आमच्या सावेडीत कुंडीखालच्या ताटलीत आहे, कूलरमध्ये आहे, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आहे, गच्चीवरच्या टायरात तर त्याची भाऊबंदकी आहे. म्हणजे मांडव घातलाय, आचारी आलेत, पंगत बसलीय, फक्त नवरदेव यायचाय. एका आजारी माणसाला इथल्या एका डासानं चावायचा अवकाश. तो नवरदेव विमानातून उतरू नये म्हणून सरकार दारात काठी घेऊन उभं. नियमात अर्थ आहे हे कळल्यावर मला जरा वाईटच वाटलं. बिनबुडाच्या नियमाला शिव्या तरी घालता येतात.

या तापाच्या इतिहासातही एक फाइल आहे. क्युबाच्या कार्लोस फिनले नावाच्या डॉक्टरनं 1881 साली सांगितलं की हा ताप डासामुळं पसरतो. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मग 1900 साली अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड यांच्या पथकानं क्युबात प्रयोग करून तेच खरं ठरवलं. मध्ये एकोणीस वर्षं गेली. एवढा काळ पडून राहिलेल्या फाइलीवर आम्ही 'विचाराधीन' असा शेरा मारायचो आणि तीत कुणाचं काही चुकलं असं धरत नसू.

लस नगरला मिळत नव्हती, पुण्याला जायचं होतं. तेही ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आधी नाव नोंदवून. शिवाय साठीच्या पुढच्या माणसाला या लशीचा त्रास होण्याचा धोका थोडा जास्त असतो म्हणून मला वेगळं पत्र लागणार होतं, की हा गृहस्थ लस टोचून घ्यायला धडधाकट आहे. मी तेव्हा एकसष्टचा, बायको सत्तावन्नची. तिला पत्र नको होतं. हा मुद्दा तिनं त्या आठवड्यात बऱ्याच जणांना सांगितला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, बी.पी. घेतलं, गोळी कुठली चालू आहे ते विचारलं आणि लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. पहाटे स्वस्तिक चौकातून पुण्याची एस.टी. धरली. सुपे गेलं, शिरूर गेलं, रांजणगावला बायकोनं खिडकीतूनच गणपतीला हात जोडले. वाघोलीला एस.टी. थांबली आणि थांबली ती थांबलीच. वाघोलीत झोपलेला नगरकर कूस बदलतो, जागा होत नाही, कारण उठून बघण्यासारखं पुढं काही सरकलेलं नसतं.

केंद्रावर पोचलो. खिडकीतल्या बाईंनी माझं पत्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि म्हणाल्या, "काका, डॉक्टरांचा शिक्का नाही यावर. हे चालणार नाही."

अंगावर काटा आला म्हणतात ना, तसं झालं. शब्द माझे, चाल माझी, अगदी 'नाही'वरचा तो किंचित कंटाळाही माझा. मी मागं वळून पाहिलं. रांग होती. मी आपण होऊन पुढं सरकलो.

परतीच्या एस.टी.त मला पाथर्डीकडचा एक म्हातारा आठवला. त्याच्या कागदावरचा गोल शिक्का पुसट उठला होता म्हणून मी त्याला परत पाठवलं होतं. चार दिवसांनी तो ठसठशीत शिक्का घेऊन आला आणि सोबत पिशवीत बोरं. माझ्यासाठी. मी ती खाल्ली होती. गोड होती. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नव्हतं, शिरूरच्या पुढं वाटायला लागलं.

दुसऱ्या खेपेला पत्रावर एक नाही, तीन शिक्के मारून घेतले. डॉक्टर म्हणाले, "अहो, एक पुरतो." मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात, कागदातलं तुम्हाला कळायचं नाही."

या लशीची आणखी एक गंमत असते. कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि एकदा कुपी उघडली की थोड्या वेळात ती संपवावी लागते. त्यामुळं नर्सबाई कुपी फोडण्याआधी दारात येऊन डोकी मोजत होत्या. आमच्याकडं गावच्या फाट्यावर काळी-पिवळीचा ड्रायव्हर मोजतो तश्शाच. दोन सीटा भरल्याशिवाय गाडी हलणार नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. शेवटी एक जहाजावर चाललेला मुलगा धावत आला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू तो जावई.

बायकोचा नंबर आला.

"अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आम्ही माळकरी आहोत," बायको म्हणाली.

"हो, पण अ‍ॅलर्जी आहे का? अंडं खाल्ल्यावर अंगावर पित्त उठतं, सूज येते, धाप लागते, असं काही?"

"खाल्लंच नाही तर उठणार कसं?"

"कधीच नाही खाल्लं?"

"बाई, आमच्या घरात अंडं कपाटावर चढलेल्या पालीचं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या फॉर्मवर 'होय' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. 'परमेश्वराला ठाऊक' असा चौकोन नव्हता. मग केकचं निघालं. केक खाल्लाय का? बायको म्हणाली, बिनअंड्याचा, दुकानदाराला शपथ घालून आणलेला. शेवटी मीच तोंड उघडलं. 2009 साली एका लग्नात तिनं दोन वेळा घेतलेल्या पुडिंगमध्ये अंडं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं आणि सहा वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी समाधानानं 'नाही'च्या चौकोनात खूण केली. बायकोनं माझ्याकडं जे पाहिलं त्याला कुठल्याच फॉर्मवर चौकोन नाही.

"पण अंड्याचं विचारता कशाला?" तिनं विचारलं.

तर लसच अंड्यात तयार होते. मॅक्स थायलर यांनी 1930 च्या दशकात ही 17-डी लस काढली, तिच्यासाठी त्यांना 1951 साली नोबेल मिळालं, आणि आजही हा विषाणू कोंबडीच्या उबवत्या अंड्यात वाढवतात. हे ऐकल्यावर बायको बाकावर बसली. गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर तिचा हात गेला. मागं ते सगळे वडापमधले प्रवासी आणि उघडलेली कुपी. नर्सबाई घड्याळाकडं बघत होत्या. मिनिटभर बायकोचे ओठ हलले. मग उठली, पदर सावरला, बाही वर केली आणि म्हणाली, "टोचा. पांडुरंगाला सांगितलंय, तोंडातून नाही, दंडातून जातंय."

तिचा दंड बघून नर्सबाई थबकल्या. तिथं देवीच्या लशीचे दोन जुने वण होते, पाच पैशाच्या नाण्याएवढे. माझ्याही दंडावर आहेत. आमच्या पिढीच्या सगळ्यांच्याच असतात. गावात देवीडॉक्टर आला की पोरं उसात पळायची आणि आया त्यांना धरून आणायच्या. भारतातला देवीचा शेवटचा रोगी 1975 साली सापडला, आणि 1980 साली देवी जगातूनच गेली असं जाहीर झालं. त्याआधी परदेशी जाणाऱ्याला देवीची लस टोचल्याचा कागदही दाखवावा लागे. पण गावात आमचा दाखला म्हणजे दंड. हरवायची सोय नाही, झेरॉक्स लागत नाही, खाडाखोड करता येत नाही. माझी आजी सांगायची, पंढरीला वारीला निघालेल्यांना पटकीची सुई टोचायचे. सुईला भिऊन कुणी पायवाटेनं वळसा घालायचे, कुणी नुसतेच दंड धरून कण्हत पुढं जायचे, टोचल्यासारखं.

तर आम्हाला पिवळी पुस्तिका मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेचा नमुना. सगळं छापील इंग्रजी आणि फ्रेंच, मराठीत काहीच नाही. पण तिच्यावर एक सूचना वाचली आणि फ्रान्सपर्यंत आपले भाऊबंद पसरलेत याची खात्री पटली. खाडाखोड केली, दुरुस्ती केली किंवा एखादा रकाना रिकामा ठेवला तर दाखला रद्द ठरू शकतो, असं लिहिलं होतं. मी ती ओळ बायकोला दोनदा वाचून दाखवली. चांगलं गद्य वाचल्यावर येतो तसा माझा आवाज झाला होता.

शिक्रापूर गेल्यावर मी पुस्तिका पुन्हा काढली आणि माझं नाव वाचलं. माझ्या वडिलांचं नाव विठ्ठल. पासपोर्टावर ते एका टीचं आहे. फार पूर्वी कुठल्या तरी कारकुनानं एक टी वाचवला होता आणि मग प्रत्येक कागदात तो वाचतच गेला. पुस्तिकेवर मात्र विठ्ठलाला दोन टी होते.

"उतर," मी म्हणालो.

"कुठं?"

"इथंच. परत जायचंय. विठ्ठलात एक टी जास्त आहे."

"अहो, विठ्ठलाला कितीही टी चालतात."

"विठ्ठलाला चालतात. मुंबईच्या विमानतळाला चालत नाहीत."

शिरूर स्टँडवर उतरलो, उलटी एस.टी. धरली, पुन्हा वाघोली, पुन्हा कूस बदलणं. केंद्र बंद व्हायच्या बेतात होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, हसल्या आणि म्हणाल्या, "चालेल हो काका, एवढं कोण बघतं!"

"चालणार नाही," मी म्हणालो.

तो क्षण मी जपून ठेवलाय. खिडकीच्या आत बसलेलं माणूस म्हणतंय चालेल, आणि खिडकीबाहेरचा म्हणतोय चालणार नाही. आम्ही दोघांनी आपापल्या जागा सोडल्या होत्या. पाच मिनिटं चर्चा झाली. शेवटी त्यांनी नवी पुस्तिका काढली, एक टी लिहिला, सही केली, शिक्का मारला, आणि मी तो शिक्का उजेडात धरून पाहिला. ठसठशीत होता.

इथं संपलं असं मला वाटलं, तेवढ्यात मुलीचा फोन. पोलिओ!

2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त झाल्याचा दाखला आपल्याला मिळाला. आपल्याकडचा शेवटचा रोगी जानेवारी 2011 चा, हावड्याचा. एवढ्या कष्टानं घालवलेला पाहुणा पुन्हा येऊ नये म्हणून, ज्या देशांत तेव्हा पोलिओची भीती होती तिथं जाणाऱ्या-येणाऱ्यांना डोस सक्तीचा केला होता. त्या यादीत केनिया. वयाची अट नाही. निघण्याच्या निदान चार आठवडे आधी डोस घ्यायचा आणि तसा कागद घ्यायचा. आम्ही कॅलेंडर उघडलं. चार आठवडे आणि दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नगरमधल्या एका सरकारी दवाखान्यात लसीकरणाच्या रांगेत. आमच्या पुढं अकरा बाळं, मागं सात. सगळी आईच्या कडेवर. एका आईनं माझ्या कडेला पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. "नातू कुठंय काका?" "नातू नाही, मीच आहे." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जरा पुढं सरकली.

नर्सताईंनी कागद वाचला, मग मला वाचलं. "आ करा."

मी आ केला. एकसष्टाव्या वर्षी, कपाळाला गंध, खिशाला पेन, आणि डोकं मागं टाकून आ! एक थेंब, दुसरा थेंब. चव काहीशी कडवट-गोडसर. मागचं बाळ माझ्याकडं बघून रडायचं थांबलं, त्याला धीर आला असावा. नर्सताईंचा हात सवयीनं मार्करकडं गेला, त्यांनी माझी डावी करंगळी धरलीही, मग भानावर आल्या आणि दोघंही हसलो. "शिट्टी देऊ का काका?" पोलिओ रविवारी पोरांना देतात ती शिट्टी. मी नको म्हटलं. बायकोनं घेतली. नातीसाठी म्हणून घेतली, पण तारकपूरच्या रिक्षात एकदा वाजवून पाहिली.

निघताना माळीवाड्याच्या विशाल गणपतीला नारळ वाहिला. बायकोच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, माझ्या पिशवीत कागद. पिवळी पुस्तिका दोन, पोलिओचे कागद दोन, डॉक्टरांचं पत्र, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स, त्यावर 'मूळ प्रतीशी ताडून पाहिली' असं लिहून मीच केलेली सही. निवृत्त माणसाच्या त्या सहीला किंमत शून्य, पण तिच्यावाचून झेरॉक्स मला उघडी वाटते.

नैरोबीचं सांगत नाही. नात, हिरवळ, गारवा आणि जावईबापूंच्या घराच्या खिडक्यांना जाळ्या, एवढं पुरे. तिथल्या माणसानं पासपोर्ट बघितला, हसला, शिक्का मारला. दाखला मागितलाच नाही. मी दाखवत होतो तरी त्यानं घेतला नाही.

मागितला तो परत आल्यावर मुंबईत. इमिग्रेशनच्या आधी आरोग्याचं टेबल, तिथं प्रत्येकाची पुस्तिका बघत होते. आमच्या पुढचा तरुण पोरगा खिसे चाचपत होता. पुस्तिका नव्हतीच. नियमानं सहा दिवस वेगळं ठेवतात. तापाचं बीज अंगात असलंच तर तेवढ्या दिवसांत उगवतं, म्हणून सहा. पोराचा चेहरा उतरला. बायकोनं उरलेली चटणी आणि दोन दशम्या त्याच्या हातात ठेवल्या, मला विचारलंही नाही. माझी पुस्तिका साहेबांनी पाहिली. विठ्ठलाचा टी मोजला की नाही कळलं नाही. मोजला असावा असं मी धरून चालतो.

घरी आल्यावर मी ती पुस्तिका लॅमिनेट करून घेतली. दिल्ली गेटजवळच्या एका दुकानात. मी बाहेर मोटारसायकल सांभाळत उभा, आत कार्ट्यानं ती घडी उघडलीच नाही. मिटल्या पुस्तिकेवर प्लॅस्टिक चढवून, कडा कापून, गरमगरम हातात दिली. बाहेरून सुंदर. आतलं पान, म्हणजे लस, तारीख, सही, शिक्का, सगळं समाधीत.

तशी ती दहा वर्षं कपाटात राहिली. मधल्या काळात कोरोना आला, आणि सगळं जगच आमच्या कचेरीसारखं झालं. 2021 च्या सप्टेंबरात इंग्लंडनं म्हटलं, लस मान्य, पण तुमचं प्रमाणपत्र मान्य नाही. लस त्यांच्याच ऑक्सफर्डची, बाटली आमच्या पुण्याची, आणि हरकत कागदावर! पुढं आपल्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख छापायला लागले. मी तेव्हा पेपर खाली ठेवून बायकोला म्हणालो, "बघ, साहेबाची खरी परंपरा साहेबानंच सोडलेली नाही."

2025 च्या नोव्हेंबरात पुन्हा नैरोबी. नात आता दहा वर्षांची, फोनवर इंग्रजीत बोलते आणि मध्येच 'ओ आजोबा' म्हणते. मी ब्लेडनं पुस्तिकेची समाधी उघडली. शस्त्रक्रिया पाऊण तास चालली. बायकोनं बॅटरी धरली. आतलं पान थोडं सोलवटलं, पण शिक्का शाबूत. आणि तारीख? वैध, जुलै 2025 पर्यंत. म्हणजे चार महिन्यांपूर्वी मेली.

आता मी एकाहत्तरचा. या वयात तीच लस पुन्हा द्यायला कुणी डॉक्टर राजी होईना. मग कळलं की 11 जुलै 2016 पासून नियम बदललाय. जागतिक आरोग्य संघटनेनं दहा वर्षांची मुदत काढून टाकली, दाखला आता आयुष्यभर चालतो, आणि जुन्या दाखल्यांनाही ते लागू आहे. पुस्तिकेवर जुनी तारीख असली तरी. मी बायकोला म्हणालो, "आयुष्यभर!" ती म्हणाली, "एकाहत्तरीला आयुष्यभर म्हणजे काही फार नाही, दहा वर्षंच लिहिली असती तरी चाललं असतं."

पण नियम माहीत असणं वेगळं आणि खिडकीवरच्या माणसाला माहीत असणं वेगळं. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी त्या बदलाचं पत्रक छापून घेतलं, दोन प्रती, महत्त्वाच्या ओळीवर पिवळी रेघ. जुना पासपोर्टही घेतला, कारण पुस्तिकेवर त्याचा नंबर आणि माझ्याजवळ आता नवा पासपोर्ट. जिल्ह्याचंही नाव मध्यंतरी बदललं. माझ्या कागदांपैकी काही अहमदनगरचे, काही अहिल्यानगरचे. बोलायला आम्ही पूर्वीपासून नगरच म्हणतो, त्यामुळं तोंडाचं अडत नाही, कागदाचं अडतं.

मुंबईच्या विमानतळावर सामान द्यायच्या खिडकीवर एक पंचविशीचा मुलगा. त्यानं पुस्तिका उघडली, प्लॅस्टिकच्या कापलेल्या कडा बघून भुवई उडवली, तारखेवर बोट ठेवलं.

"अंकल, ये तो एक्स्पायर हो गया. ये नहीं चलेगा."

हिंदीत होतं, पण माझंच.

मी पत्रक काढलं. त्यानं वाचलं नाही. मी पिवळी रेघ दाखवली. त्यानं रेघ पाहिली, ओळ पाहिली नाही. मला त्याचा राग येत नव्हता, उलट आतून एक ओळख पटत होती. मी तसाच बसायचो, कागद असा तिरका धरायचो, समोरच्याकडं न बघता मानेनं नाही म्हणायचो. मला ठाऊक होतं की आता वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही. फक्त म्हणायचं, 'वरच्या साहेबांना एकदा दाखवा.' माझ्या टेबलावर हे वाक्य ज्यांनी म्हटलं त्यांची कामं झाली होती.

"बेटा, अपने साहब को एक बार दिखा दो."

तो गेला. बायको बॅगेवर बसली. तो परत आला तेव्हा सोबत त्याची वरिष्ठ बाई, चष्मा डोक्यावर. त्यांनी संगणकात काहीतरी टाकलं. विमान कंपन्यांना प्रत्येक देशाचे नियम दाखवणारी एक यादी असते, तीत पाहिलं. "व्हॅलिड फॉर लाइफ," त्या पुटपुटल्या आणि मुलाला म्हणाल्या, "जाने दो." मुलानं माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. मला वाटलं, याला सांगावं, तुझं काही चुकलं नाही, छापलेली तारीख धरायची हेच खरं. पण त्यानं बोर्डिंग पास दिले आणि पुढच्याला बोलावलं.

तीन आठवड्यांनी परत. मुंबईत उतरलो, आरोग्याचं टेबल आलं. या वेळी मी तयारच होतो. पुस्तिका वर, पत्रक खाली, जुना पासपोर्ट उजव्या हाताला, नवा डाव्या. सगळं टाचणीनं नाही, यू-क्लिपनं, म्हणजे सुटं करता येतं. टेबलामागचे गृहस्थ दमलेले होते. त्यांनी पुस्तिकेचं वरचं पान अंगठ्यानं उघडलं, लगेच मिटलं आणि परत दिली.

"जा काका."

मी जागचा हललो नाही. "साहेब, तारीख गेलेली आहे, बघितलीत का? पण 2016 चं पत्रक जोडलंय. आणि नंबर जुन्या पासपोर्टाचा आहे, तो इथं आहे. आणि नावात विठ्ठल एका टीचा—"

"काका," ते न बघता म्हणाले, "मागं रांग आहे. पुढं सरका."

मी पुढं सरकलो. बायको तोवर पट्ट्यापाशी पोचून आमच्या बॅगेला बांधलेली लाल चिंधी शोधत होती.